ग्रीस लावूनही डिस्क ब्रेकच्या पिना पुन्हा का अडकतात

बडोद्यात पाऊस ओसरू लागला की पुढच्या डिस्क ब्रेकची एक तक्रार माझ्याकडे हमखास येते आणि ती घेऊन येणाऱ्याचे शब्दही जवळपास ठरलेले असतात. गाडी पार्किंगमधून बाहेर काढताना जड लागते. चालत्या गाडीत पुढून बारीक शीळ ऐकू येते, ब्रेक हलकेच दाबला की ती थांबते आणि सोडला की पुन्हा सुरू होते. दहा किलोमीटरनंतर गाडी उभी करून डिस्कजवळ नुसता हात नेला तरी धग जाणवते. पेट्रोल पूर्वीपेक्षा लवकर संपते, लिव्हर कधी नेहमीपेक्षा जास्त आत जाते, आणि पॅड बदलून जेमतेम पाच-सहा महिने झालेले असताना एका बाजूचे पॅड पत्र्याला टेकलेले, तर दुसऱ्या बाजूचे जवळजवळ कोरे असते. यातली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा धातूचा भाग, आपल्या पिनांवर मोकळा सरकत नाही असा संशय घ्यायला हरकत नाही. मात्र या वर्णनाच्या शेवटी बहुतेक जण एक वाक्य जोडतात, "पण मागच्याच सर्व्हिसिंगला ग्रीस लावले होते", आणि माझ्या मते दुखण्याचे मूळ पुष्कळदा त्या वाक्यातच असते.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीची नोकरी केल्यानंतर आता घरच्या, शेजारच्या आणि नातलगांच्या दुचाक्या पाहणे हा माझा रविवारचा उद्योग झाला आहे. हा दोष घेऊन येणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या त्याच दोषासाठी दुसऱ्यांदा आलेल्या असतात. पिन सुकली म्हणून ग्रीस लावले जाते, ते ग्रीस चुकीचे असल्यामुळे रबर फुगते, फुगलेले रबर पिनेला घट्ट धरते, आणि पिन अडकली म्हणून पुन्हा तेच ग्रीस लावले जाते. यातून सुटायचे तर दोष खरोखर पिनांचाच आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी लागते. म्हणून तपासणीची सुरुवात मी नेहमी फुकटच्या गोष्टींपासून करतो.

कॅलिपर सरकतो तो कशामुळे

रोजच्या वापराच्या बहुतेक मोटारसायकलींना पुढे फ्लोटिंग कॅलिपर असतो, म्हणजे त्याचा पिस्टन, किंवा दोन असतील तर दोन्ही पिस्टन, डिस्कच्या एकाच बाजूला असतात. लिव्हर दाबल्यावर पिस्टन आपल्या बाजूचे पॅड डिस्कला लावतो, आणि त्यापुढचा जोर कॅलिपरलाच उलट दिशेला सरकवतो, त्यामुळे पलीकडचे पॅडही डिस्कला येऊन भिडते. ही सगळी हालचाल दोन गुळगुळीत पिनांवर होते. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी कोणतीही स्प्रिंग आत नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित पिळलेले असते, ते सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे घेते, आणि तेवढ्याच माघारीवर चाक मोकळे राहायचे असते. एवढ्या नाजूक हिशेबात पिनेवरचा थोडासा अडथळाही पुरेसा ठरतो. इथले ग्रीस चाकाच्या बेअरिंगमधल्या ग्रीससारखे मोठा भार पेलत नाही. पाणी आणि धूळ बाहेर ठेवणे आणि रबराला न दुखवता त्याच्या शेजारी वर्षभर टिकून राहणे, एवढेच त्याचे काम आहे.

इथेच एक घोटाळाही दूर करून घेतलेला बरा. कॅलिपरमध्ये दोन प्रकारच्या पिना असतात. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या रबरी बुटांतल्या, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या रबरी टोप्यांतल्या, स्लाइड पिना, आणि पॅड ज्यावर अडकवलेले असतात ती पॅड पिन. पुढे मी नुसते पिन म्हणेन तेव्हा स्लाइड पिन समजावी. पॅड पिनेवर रबरी बूट नसतो, ती पॅडच्या अगदी जवळ आणि उघड्यावर असते, म्हणून तिला गंज साफ करून बोटाने पुसून टाकल्याइतका पातळ थर पुरतो. तिथे भरून ग्रीस लावले तर धूळ चिकटते आणि ते पॅडपर्यंत ओघळण्याचा धोका असतो.

हत्यार न उचलता करायच्या तपासण्या

गाडी मेन स्टँडवर लावावी, कोणाला तरी सीटचा मागचा भाग खाली दाबून धरायला सांगावे म्हणजे पुढचे चाक उचलले जाते, आणि चाक हाताने फिरवावे. पॅड डिस्कला किंचित घासल्याचा आवाज येणे साहजिक आहे, पण चाकाने दोन-तीन फेरे तरी सहज पुरे करायला हवेत. आता लिव्हर दोनदा जोरात दाबून सोडावी आणि चाक पुन्हा फिरवावे. ते लगेच जड झाले असेल तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा फिरवून पाहावे. थांबल्यावर चाक आपोआप मोकळे होत असेल तर दोष पिनांपेक्षा ब्रेक ऑइलच्या मार्गात असण्याची शक्यता अधिक असते, कारण अडकून राहिलेला दाब हळूहळू उतरतो, सुकलेली पिन मात्र वाट पाहून सुटत नाही.

दुसरी तपासणी लिव्हरची. लिव्हरला सुरुवातीला किंचित ढिलाई हवी. शोभेसाठी बदललेली लिव्हर किंवा आड येणारा हँड गार्ड यांमुळे लिव्हर पूर्ण मागे येत नसेल तर लिव्हरजवळच्या, ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधले ऑइल त्याच्या छोट्या टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. मग गाडी चालून ऑइल तापते, फुगते, त्याला परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपणहून लागू लागतो. असा एक ब्रेक पिनांचा दोष समजून मी पूर्ण उघडला होता आणि शेवटी लिव्हरखालचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर गाडी मोकळी झाली होती, तेव्हापासून लिव्हर पाहिल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. टाकीच्या काचेतून ऑइलची पातळीही पाहावी. कोणी वरच्या खुणेच्याही वर काठोकाठ भरले असेल तर तापलेल्या ऑइलला फुगायला जागा उरत नाही.

त्यानंतर गाडी पाच-सहा किलोमीटर, शक्यतो पुढचा ब्रेक न वापरता, मोकळ्या रस्त्यावर चालवून आणावी आणि बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब डिस्कवर टाकावेत. ते चरचरून उडाले तर पॅड घासत आहेत हे नक्की. डिस्कला बोट लावून पाहण्याचा मोह टाळावा, फोड यायला क्षणभर पुरतो. डिस्क गार झाल्यावर कॅलिपर हाताच्या मुठीत धरून आत-बाहेर ढकलून पाहावा. निरोगी कॅलिपर अंगठ्याच्या दाबाने किंचित सरकतो. दगडासारखा घट्ट असेल तर पिना अडकल्या आहेत, आणि खडखड वाजत असेल तर पिना किंवा त्यांची भोके झिजली आहेत. ही दुसरी गोष्ट कोणत्याही ग्रीसने बरी होत नाही.

टॉर्चच्या उजेडात पॅडकडे पाहिले तर कॅलिपर बरेच काही सांगतो. फक्त पिस्टनच्या बाजूचे पॅड झिजले असेल तर ब्रेक लागताना कॅलिपर सरकून पलीकडचे पॅड पुरेसे आणत नाही, किंवा पिस्टनच मागे जात नाही. पलीकडचे पॅड जास्त झिजले असेल तर कॅलिपर सरकला पण परतला नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असे पाचरीसारखे झिजले असेल तर दोन पिनांपैकी एक अडकलेली आणि एक मोकळी आहे, आणि कॅलिपर दाराच्या बिजागरीसारखा एका पिनेभोवती वळतो आहे. अशी तिरपी झीज दिसली की मला हायसे वाटते, कारण दोष जवळपास सापडलेलाच असतो.

शेवटी पिनांवरचे रबरी बूट पाहावेत. फाटलेला बूट लगेच दिसतो. फुगलेला बूट ओळखायला नजर लागते. त्याच्या घड्या सैल, गुळगुळीत आणि जाड दिसतात आणि त्याची कड खाचेत बसत नाही. याच वेळी मालकाला एक प्रश्न विचारावा की गाडी धुतल्यावर खालून डिझेल मारून घेता का. अनेक वॉशिंगवाले चकाकी यावी आणि गंज लागू नये म्हणून चेन, इंजिन आणि चाकांवर सर्रास डिझेलचा फवारा मारतात. त्याने पॅड तर निकामी होतातच, पण ब्रेकचे रबरही फुगते, म्हणजे ग्रीस योग्य असूनही बूट बिघडण्याचे हे दुसरे कारण आहे.

पिना बाहेर काढल्यावर

एवढ्यावरून संशय पिनांवर स्थिर झाला की कॅलिपर उतरवावा. योग्य मापाचा पाना किंवा अॅलन की, स्वच्छ फडके, ब्रेक क्लीनर आणि तासाभराचा वेळ एवढे पुरते. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, दोरीने हँडलला बांधावा, आणि तो डिस्कवरून उतरवलेला असताना लिव्हरला कोणी हात लावणार नाही हे पाहावे, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन कामाचे रूपच बदलते. घरात लहान मुले असतील तर मी लिव्हर आणि ग्रिप यांच्यामध्ये पुठ्ठ्याची घडी कोंबून ठेवतो.

पिना ओढून काढताना कोणती वरची आणि कोणती खालची हे लिहून किंवा फोटो काढून ठेवावे. अनेक कॅलिपरमध्ये दोन्ही पिना सारख्या दिसल्या तरी एकीचा व्यास किंचित कमी असतो, किंवा एकीच्या टोकाला रबरी बुशी असते, आणि त्यांची अदलाबदल झाली तर कॅलिपर नव्या ग्रीससकट अडकतो. पिन फडक्याने पुसून नखाने चाचपावी. नख अडकेल असा गंजाचा खड्डा असेल तर पिन बदलावी. एमरी पेपरने घासून ती चकचकीत करणे हा खोटा दिलासा आहे, कारण घासताना पिनेवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने गंजते.

पिनेपेक्षा तिच्या भोकाकडे दुर्लक्ष अधिक होते. ते भोक एका टोकाला बंद असते आणि जुने ग्रीस तळाशी साचून राहते. 2024च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कितीतरी दुचाक्या तळघरांत आणि सोसायट्यांच्या आवारांत पाण्याखाली राहिल्या होत्या. त्यानंतर उघडलेल्या अनेक कॅलिपरमध्ये मला या भोकांतून राखाडी, करकरीत गाळ मिळाला. बारीक माती आणि ग्रीस यांचे ते मिश्रण आमच्या कारखान्यात व्हॉल्व्हची बैठक घासायला वापरत असलेल्या पेस्टपेक्षा वेगळे नव्हते, आणि ते तसेच ठेवून वर नवे ग्रीस भरले तर पिन रोज थोडी थोडी घासली जाते. अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यातून, साचलेल्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांच्या कॅलिपरमध्येही हेच कमी प्रमाणात दिसते. काडीला गुंडाळलेल्या चिंधीने भोक तळापर्यंत पुसावे आणि चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत ते काम चालू ठेवावे. धातूचे भाग ब्रेक क्लीनरने धुवावेत, रबराचे मात्र साबणाच्या पाण्याने. सगळे सुटे भाग पेट्रोल किंवा रॉकेलच्या तसराळ्यात एकत्र बुडवण्याची जी रीत आहे, तिने बुटांचे नुकसान तिथेच सुरू होते.

कोणते ग्रीस घ्यावे आणि कोणते टाळावे

माझा भाचा मांजलपूरला राहतो आणि आपल्या गाडीचे काम स्वतः करण्याची त्याला हौस आहे. त्याच्या गाडीच्या पिना एका पावसाळ्यात दोनदा अडकल्या. "मामा, साधे ग्रीस नाही लावले, चांगले बेअरिंगचे लावले होते, हाय टेंपरेचरचे," असे तो काहीशा दुखावलेल्या सुरात म्हणाला. आम्ही त्याचा जुना बूट आणि किटमधला नवा बूट वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. नवा बूट बोटांत कडक लागत होता आणि कॅलिपरला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत टिचकीसरशी बसला. जुना रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगून मऊ झाला होता, त्याची कड खाचेत टेकवली की घसरून बाहेर येत होती, आणि बोटांनी चोळल्यावर बोटे काळी होत होती. पिनेच्या टोकाची रबरी बुशीही तशीच जाड झालेली होती, आणि भोकात शिरताना ती बाटलीत घट्ट बसणाऱ्या बुचासारखी अडत होती. म्हणजे पिन सुकलेली नव्हतीच. तिच्याभोवती ग्रीस भरपूर होते आणि तेच तिला धरून बसले होते.

याचे कारण रबराच्या जातीत आहे. ग्लायकोलवर आधारलेले ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4, सहन व्हावे म्हणून ब्रेकमध्ये बहुतेक ठिकाणी ईपीडीएम जातीचे रबर वापरतात. हे रबर पाणी, ऊन आणि ब्रेक ऑइल यांना उत्तम तोंड देते, पण खनिज तेल ते शोषून घेते आणि फुगते. आता बाजारात सहज मिळणारे एपी-3, लिथियम, बेअरिंगचे किंवा चॅसिसचे ग्रीस म्हणजे बहुधा खनिज तेलच असते, स्पंजात पाणी धरून ठेवावे तसे ते साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले असते. ते तेल जाळीतून सावकाश बाहेर येते आणि शेजारच्या रबरात मुरते. दोन-तीन महिने ब्रेक छान चालतो, म्हणून कोणाला संशय येत नाही.

हाय टेंपरेचर या शब्दांनी भाच्याची जी फसगत झाली ती अनेकांची होते. साध्या लिथियम ग्रीसचा पाझरबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ते पातळ होऊन थेंब गळू लागतो ते, साधारण 180 ते 190 अंश सेल्सिअस असतो, आणि शहरातल्या रोजच्या वापरात पिना सहसा त्याच्या जवळपासही जात नाहीत. तापमान ही पिनेची पहिली अडचण नाहीच. त्यामुळे डब्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी आतले मूळ तेल खनिज असेल तर ते ग्रीस या जागेसाठी निरुपयोगी आहे. दुकानात मी हे विचारू लागलो की "काका, बधुं सरखुंज छे" असे उत्तर मिळते. ते सारखे नसते, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून ते ओळखूही येत नाही, म्हणून वेष्टनावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे.

स्लाइड पिनांसाठी माझी पसंती सिलिकॉन ग्रीसला आहे. त्यातले मूळ तेल सिलिकॉनचे असते, ते ईपीडीएमला फुगवत नाही, पाण्याने सहज धुऊन जात नाही, आणि साधारणपणे उणे 40 ते 200 अंशांपर्यंत आपला घट्टपणा टिकवते. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि जुलैत तासन् तास भिजणाऱ्या गाडीला असाच स्थिर स्वभाव हवा. धातूवर धातू जोराने घासते अशा जागी सिलिकॉन ग्रीस कमी पडते, पण पिनेवर तसा दाब नसतो. वेष्टनावर ब्रेक कॅलिपरसाठी किंवा स्लाइड पिनांसाठी असल्याचा आणि ईपीडीएम रबरास सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये विशिष्ट ग्रीस सांगितले असेल तर तेच घ्यावे, तिथे माझ्या पसंतीला अर्थ नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. नुसते "सिलिकॉन द्या" म्हटले तर दुकानदार गॅस्केटऐवजी लावायच्या सीलंटची ट्यूब पुढे करतो. ते हवेत सुकून रबरासारखे घट्ट होते, आणि ते पिनेला लावलेला एक कॅलिपर मी पाहिला आहे. त्याच्या पिना हातोडीने ठोकून काढाव्या लागल्या.

लाल रंगाचे रबर ग्रीस हा दुसरा योग्य पर्याय आहे. ते एरंडेलापासून बनते. एरंडाचे सर्वाधिक पीक घेणारे राज्य आपलेच आहे आणि इथे त्या तेलाला दिवेल म्हणतात, तेव्हा हे ग्रीस बडोदेकरांना परके वाटू नये. अगदी सुरुवातीच्या काळातले ब्रेक ऑइलही एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून केलेले असे. एरंडेल ब्रेकच्या रबराला दुखवत नाही, त्यामुळे बुटांच्या आतून, बुटाच्या कडेला आणि सील बसवताना मी हेच ग्रीस वापरतो. पिनेवरही ते चालते, मात्र पाण्यात टिकण्याच्या बाबतीत सिलिकॉन ग्रीस सरस ठरते. एरंडेलाचे ग्रीस चालते म्हणून घरातले खोबरेल किंवा गोडेतेल मात्र लावू नये. ते कालांतराने चिकट होऊन फडताळातल्या जुन्या तेलाच्या बुधलीसारखे राप धरते.

तांब्याच्या भुकटीचे ग्रीस पुष्कळ जण ब्रेकसाठीच असते असे समजून सगळीकडे लावतात. ते बोल्टांचे आटे किंवा पॅडची पाठ जाम होऊ नये म्हणून असते. त्यातले तांबे मोठी उष्णता सोसते, पण ज्या तेलात ते कालवलेले असते ते आधीच उडून जाते आणि मागे कोरडा राप उरतो. ते तेलही बहुधा खनिजच असते. शिवाय अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये तांबे आणि पाणी एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. पेट्रोलियम जेली हीसुद्धा खनिज तेलाचीच बहीण आहे. मॉलिब्डेनमयुक्त काळ्या ग्रीसबद्दल विचारणा होते तेव्हा माझे उत्तर ठरलेले असते. मॉलिब्डेनम वाईट नाही, ते कोणत्या तेलात मिसळले आहे ते सांगा. आणि गंज सोडवणारा स्प्रे हे ग्रीसच नाही. तो होते नव्हते ते ग्रीस विरघळवून टाकतो, दोन दिवस पिन मोकळी होते आणि मग पूर्वीपेक्षा जास्त कोरडी पडते.

चुकीचे ग्रीस एकदा लागले असेल तर नुसते पुसून भागत नाही. फुगलेले रबर पुन्हा भरवशाचे होत नाही, म्हणून बूट आणि बुशी बदलूनच नवे ग्रीस लावावे. बुटांचे किट स्वस्त असते. इथे वाचवलेले पैसे पॅडच्या खरेदीत निघून जातात.

प्रमाणाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण योग्य ग्रीस जास्त लावूनही पिन अडकते. भोक एका बाजूने बंद असल्यामुळे ते ग्रीसने भरले तर आत जाणारी पिन हवा दाबते, आणि ती हवा पिनेला पिचकारीच्या दांड्यासारखी मागे ढकलते. ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढे ग्रीस पिनेवर सगळीकडून पातळ पसरावे, थोडे बुटाच्या आत लावावे, आणि पिन आत सारताना बुटाची कड दोन बोटांनी किंचित उचलून हवा जाऊ द्यावी. पिन पूर्ण आत ढकलून सोडल्यावर ती जागीच राहिली तर प्रमाण बरोबर आहे, हळूच बाहेर आली तर हवा कोंडली आहे. पॅड किंवा डिस्कला ग्रीसचे बोट लागले असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी. पॅडमध्ये मात्र ते मुरते, असे पॅड बदलावेत.

पिना मोकळ्या असूनही चाक जड असेल तर

मग पाळी पिस्टनची. पॅड काढल्यावर पिस्टनचा बाहेर दिसणारा भाग साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करावा आणि मगच दोन्ही अंगठ्यांनी तो आत दाबावा. मळलेला पिस्टन तसाच आत ढकलला तर माती सीलमध्ये जाते. आत दाबताना टाकीतले ऑइल वर येते, ते रंगावर सांडले तर रंग सोलून काढते, म्हणून टाकीभोवती फडके गुंडाळावे आणि थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवावा. अंगठ्यांच्या जोराने पिस्टन सावकाश आत गेला तर ठीक. पक्कड लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबावे.

पिस्टनही ठीक असेल तर दाब कोंडतो आहे का ते पाहायचे राहते. कॅलिपर जोडून, चाक जड झालेले असताना, ब्लीडर निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि निपल जेमतेम पाव फेरा सैल करून लगेच घट्ट करावे. ऑइलची चिळकांडी येऊन चाक मोकळे झाले तर दोष नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. चाक जडच राहिले तर दोष पिना, पिस्टन किंवा डिस्क यांपैकी कशात तरी आहे. ही तपासणी ज्याने पूर्वी कधी ब्रेकमधली हवा काढली आहे त्यानेच करावी. पहिल्यांदाच निपलला हात लावणार असाल तर ती मेकॅनिकवर सोपवावी, कारण आत शिरलेली हवा ब्रेक नाहीसा करू शकते.

इथे हात थांबवावा

पिस्टनला गंजाचे खड्डे असणे, सीलमधून ऑइल पाझरणे, नळी फुगलेली किंवा तडकलेली असणे, मास्टर सिलिंडर उघडावा लागणे, डिस्क वाकडी असणे किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झालेली असणे, ब्रॅकेटची भोके झिजून पिन त्यांत खुळखुळणे आणि कॅलिपरच्या बोल्टाचे आटे गेलेले असणे, ही सगळी जाणकार मेकॅनिकची कामे आहेत. भारतात 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. अशा गाडीत ऑइलचा मार्ग उघडून आत हवा शिरली तर ती काढायला काही वेळा कंपनीचे यंत्रच लागते. मी स्वतः पिना, बूट, पॅड आणि पिस्टनची बाहेरून स्वच्छता एवढ्यावर थांबतो, आणि इतक्या वर्षांत त्याचा मला कमीपणा वाटलेला नाही.

काम घरी पुरे झाले असेल तर बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला घट्ट करावेत आणि गाडी जागची हलवण्यापूर्वी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करावी. पिस्टन आत ढकललेले असल्यामुळे पहिल्या दाबाला लिव्हर थेट ग्रिपला टेकते, आणि हे विसरून फाटकाबाहेर पडलेल्या एका शेजाऱ्याने समोरच्या रिक्षाला धडक देता देता गाडी वाचवली आहे. लिव्हर कडक झाली की सोसायटीच्या आवारातच चालण्याच्या वेगाने दोन-चारदा ब्रेक लावून पाहावा. पाचशे किलोमीटरनंतर कॅलिपर पुन्हा एकदा अंगठ्याने ढकलून पाहावा, आणि पुढे दर वर्षी पावसाळ्यानंतर पिना उघडाव्यात.

गाडी गॅरेजमध्ये द्यायची असेल तर सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब स्वतः नेऊन द्यावी, बूट धुवायला पेट्रोल नको असे आधीच सांगावे, आणि काढलेले जुने बूट परत मागावेत. ते नव्या बुटाशेजारी ठेवून पाहिले की गेल्या वेळी कोणते ग्रीस भरले गेले होते ते कळते.